सहावा आणि सातवा यांच्या मध्ये

अकरा मजल्यांची सांता क्लारा बिल्डिंग.
तेव्हा शहर लोरेन्सो मार्केश होतं, आता मापुतो.
बिल्डिंगचं नाव बदलायला कुणाला सवड झाली नाही,
एकेक अक्षर आपणहून गळालं.

मी झेफानियास माटुसे, इथला लिफ्टमन.
आठ वर्षं एका अंगठ्यावर जगलो:
दिवसभर त्याने बटणं दाबायची,
महिनाअखेर पगाराच्या वहीत तोच टेकवायचा.
लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात मी बघायचं नाही,
बघायचं दाराकडे.
ड्यूटी संपली की मागच्या लोखंडी जिन्याने
गच्चीवरच्या खोलीत.
आईला कितीदा सांगितलं,
उभ्याने वरखाली जाणारी खोली असते म्हणून.
आमच्या रोंगात तिला शब्द नव्हता.
आई म्हणाली, म्हणजे विहीर. आणि तू पोहरा.

मग त्या वर्षी बंदरावर लाकडी खोक्यांचे डोंगर लागले.
नवव्यावरच्या दोना ग्रासिंदाने
पियानो नेला, पडदे नेले, दिव्यांचे होल्डर नेले,
कुत्रा माझ्या हातात दिला.
इंजिनियर सिक्वेरा सगळ्यांत शेवटी गेले.
आदल्या रात्री त्यांनी सिमेंट कालवलं
स्वतःच्या हाताने.
एरवी रिकामा कप उचलायला त्यांना माणूस लागायचा.
अकराव्यावरून ओतलं, पाटीमागून पाटी.
मी गच्चीवर जागा होतो.
जड, ओला आवाज, कुणी ओकतंय तसा.
लिफ्ट सहावा आणि सातवा यांच्या मध्ये होती,
ती तिथेच राहिली.
आत माझं स्टूल, माझी टोपी,
आणि तो आरसा.

पंचवीस जूनला झेंडा चढला.
तो दोरीने चढतो, लिफ्ट लागत नाही.
खूप नाचलो आम्ही. त्यात काही खोटं नव्हतं.
हे आधी लिहून घ्या,
पुढचं ऐकताना लोक ते विसरतात.

बोरूच्या झोपड्यांतून माणसं फ्लॅटमध्ये आली.
आठव्यावर मक्याला मुसळ बसलं
की सातव्यावरच्यांच्या ताटात पोपडे.
अकरावा कुणालाच नको होता,
म्हणून इंजिनियरचा फ्लॅट माझ्या वाट्याला आला.
पंपही बंदच. वीस लिटरचा डबा,
दोनशे चौदा पायऱ्या.
सेलेस्ते भरल्या दिवसांची होती, पाचव्यावर टेकली,
तिथेच मोकळी झाली.
मुलाचं नाव ठेवलं किंतो. पाचवा.
किंतो आता जोहान्सबर्गजवळ सोन्याच्या खाणीत असतो,
पिंजऱ्यात उभा राहून खाली जातो.
पहिल्या पत्रात त्याने लिहिलं:
बाबा, इथे लिफ्टमन आहे.

मी रात्रशाळेत गेलो, सही शिकलो.
कोणत्या भाषेत? गेले त्यांच्याच.
रोंगात मी अजून अंगठाबहाद्दर.
हिशेब करताना, अर्ज लिहिताना,
बायकोशी भांडताना सुद्धा
इंजिनियरचे शब्द तोंडात येतात.
घसा खाकरून बघतो कधीकधी.

परवा लिस्बनहून एक पोरगा आला.
सिक्वेरांचा नातू. तिकडे काम नाही म्हणे,
इकडे शोधतोय.
हातात एक जुना फोटो, याच बाल्कनीचा.
धापा टाकत माझ्या उंबऱ्यावर बसला,
पाणी मागितलं.
मी डब्यातलं दिलं. तो गटागटा प्यायला.
मग विचारलं, लिफ्ट कधी बिघडली?
बिघडली. हाच शब्द.
चेहरा निवळशंख होता पोराचा.
मी म्हणालो, तुझ्या जन्माआधी.

त्याला सोडायला खाली निघालो.
सातव्यावर तो जरा थांबला,
आणि सहज, सवयीने,
भिंतीतलं मेलेलं बटण दाबलं.

आणि मी, अडुसष्ट वर्षांचा,
टाचा जुळवून
दाराकडे तोंड करून उभा राहिलो.